पाताळराणीचे दात

धानोरा, ७ नोव्हेंबर १९५४

मुंबईहून धाकट्या भावाचं पार्सल आलं. तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. मागच्या पत्रात मी त्याला लिहिलं होतं की माझ्या अद्भुतकथांत त्याच त्या पऱ्या आणि तेच ते राक्षस येतात, आता मलाच त्यांचा कंटाळा आलाय. त्यावर त्याने हे जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं आहे, खोल समुद्रातल्या प्राण्यांचं. आत एवढीच चिठ्ठी : ‘ताई, हे देवाने आधीच रचून ठेवलंय. उसनं घ्यायला हरकत नाही.’

दुपारभर चित्रं पाहत बसले. भात करपला.

जिथे उन्हाचा एक किरणही पोचत नाही तिथे हे राहतात. एकाचं तोंड बाकीच्या अंगाहून मोठं. एक तीन लांब काड्यांवर उभा, शेतातल्या मचाणासारखा. एक काचेचा, आतलं काळीज दिसतं. आणि एक मादी. तिच्या कपाळातून गळाच्या काठीसारखी एक शेंडी निघते, शेंडीच्या टोकाला दिवा. अंधारातले लहान मासे दिवा पाहून जवळ येतात. दिव्याच्या मागे दात असतात.

संध्याकाळी नानाजी मास्तर आणि दादाजी पाटील ओसरीवर आले. धान घरात आलं की जानेवारीत इथे शंकरपट भरतो, दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. दरवर्षी पौराणिक करतात. यंदा नवं हवं म्हणून मला, रेंजरसाहेबांच्या बाईंना, विचारायला आले होते.

मी म्हटलं, “समुद्राच्या तळाचं लिहीन.”

नानाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. “बाई, इथी कोनी समुद्र पायला नाई. दाखवाचा कसा?”

“मीही पाहिलेला नाही,” असं म्हणणार होते, पण त्या दोघांसमोर ते तोंडातून निघेना. नुसतं म्हटलं, “दाखवू.”

समुद्राच्या गोष्टीची माझी हौस जुनीच. लग्नानंतर आम्ही पोंभुर्ण्याला होतो. चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायला पोरंटोरं यायची आणि मी झाडाखाली बसून त्यांना एक गोष्ट सांगायचे. एक मुलगी समुद्राचा बांध शोधायला निघते, एवढंच आता आठवतं. लिहून ठेवली होती, ती वाळवीने खाल्ली. पोटातलं मूल गेलं त्या वर्षी सुचलेली गोष्ट, म्हणून वाळवीचा फार राग आला नाही.

११ नोव्हेंबर

नाटकाचं नाव ठरलं, ‘पाताळराणीचा दिवा’. दिवा असलेला मासा ही झाली माहिती. माहितीची गोष्ट केव्हा होते, याचा आज विचार करत होते. मला वाटतं, त्या माशाला एकटं वाटत असेल का, असा प्रश्न आपण विचारला की होते. माझी राणी अंधारात दिवा लावून सोबतीची वाट पाहते. जो येतो तो दात बघून पळतो. दिवा विझवला तर कोणी येणार नाही, आणि दात तर तिच्याच तोंडातले.

दवाखान्यात नवी नर्स आली. रंभा नाव, चोवीस-पंचवीसची असेल, लग्न झालेलं नाही. भेटायला आली तेव्हा दारातच उभी राहून माझ्याकडे टक लावून बघत होती. मी बस म्हटलं. कुठली विचारलं, तर म्हणाली पोंभुर्ण्याची. मी म्हटलं, आम्हीही होतो तिथे काही दिवस. “हो,” म्हणाली, आणि पुन्हा बघत राहिली, जशी मी काही द्यायची विसरले आहे. मला ते बघणं आवडलं नाही. चहा दिला आणि वाटेला लावलं.

१९ नोव्हेंबर

गुणाबाई आमच्याकडे धुणंभांडी करते, गावची सगळी बातमी तिच्याकडे. आज घासता घासता म्हणाली, “नव्या नर्सबाईनं समुद्र पायला म्हनते, बाई.”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

“कोण म्हणतं?”

“थेच. रुखमाबाईच्या पोराचं गळू फोडून राह्यली होती, पोरगा ओरडे. तर त्याले सांगे, समुद्र असा अन् समुद्र तसा. पोरगा ओरडाचं भुलला. म्या विचारलं, कसा असते वं समुद्र? तर म्हने, धानाचं शेत रायते ना, पान्यानं भरलेलं, त्याले बांधच नाई असं समज.”

पाण्याने भरलेलं शेत, आणि त्याला बांधच नाही.

मी पुस्तकातून दोन पानं उतरवून समुद्राचं वर्णन केलं होतं. अथांग, अगाध, निळाभोर. हे एवढं साधं वाक्य मला का सुचलं नाही? डोळ्यांनी पाहिलेल्या माणसालाच ते सुचतं. माझ्या त्या जुन्या गोष्टीतल्या मुलीला ही रंभा वाटेत भेटली असती, तर पहिल्या पानावरच गोष्ट संपली असती.

२८ नोव्हेंबर

पुस्तकातली चित्रं पाहायला रंभा आली. ह्यांनीच बोलावलं म्हणे. दौऱ्यावरून येताना रस्त्यात भेटली, ‘समुद्र पाहिलेलं माणूस आहेस, ये एकदा, आमच्या बाई समुद्राचंच लिहितायत.’ मला विचारलंसुद्धा नाही.

एक पान मी कोणाला दाखवत नाही. त्या दिवेवाल्या मादीचा नर बोटाएवढा असतो. तो अंधारात तिला शोधतो, तिच्या पोटाला चावा घेऊन चिकटतो, आणि मग सुटत नाही. हळूहळू दोघांचं रक्त एक होतं. वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं, थोडी लाजही वाटली होती. ह्यांनी नेमकं तेच पान उघडलं आणि मला अर्थ सांगायला लावला.

रंभाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हनजे घरजवाई.”

हे इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पान पाहिलं, पुन्हा हसले. सतरा-अठरा वर्षं मी लिहिते आहे. माझं वाचून हे “छान आहे” म्हणतात. ‘छान आहे’ हे तर भाजीलाही म्हणतात.

ती जाताना पुस्तक दोन दिवसांसाठी मागत होती. मी म्हटलं, भावाचं आहे, बाहेर देत नाही. खोटं बोलले. माझंच आहे.

९ डिसेंबर

शाळेच्या पडवीत तालीम. दादाजी पाताळराणी झालेत, कारण आवाज त्यांचाच सर्वांत मोठा. मिशी काढायला तयार नाहीत. नानाजी विनवून थकले.

“राणीले मिशा कशा चालतीन, पाटील?”

“काऊन नाई चालत? मागूर मासोळीले मिशा नसतेत का? माही राणी मागूर जातीची आहे.”

जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे आदिवासी पाड्यावरून, बांबूकाम करणारा लालसू सांगाडे घेऊन आला होता. दादाजींच्या डोक्यावर बांधायची वाकडी काठी त्याने अशी केली आहे की कंदील टोकाला झुलतो पण ढळत नाही. आमची मच्छरदाणी निळीत बुडवून समुद्र केला. ती हलली तेव्हा खरंच पाणी वाटलं.

मग संवाद. दादाजींना वाक्य होतं, ‘या अगाध जलराशीत मी एकाकी दीपधारिणी.’ चारदा अडखळले. “बाई, हे मह्या दातात फसते,” म्हणाले. रंभा बाजूला बसून जाळीला टाके घालत होती. मान वर न करता म्हणाली, “पाटील, असं म्हना ना : एवढं पानी, अन् सोबतीले कोनी नाई.”

दादाजींनी म्हटलं. पोरं खिदळत होती ती थांबली. लालसू दाराशी बिडी पेटवत होता, त्याची काडी तशीच जळत राहिली.

नानाजी माझ्याकडे वळले. “बाई, हेच ठेवाचं का?”

सगळ्यांसमोर मी काय म्हणणार? ठेवा म्हटलं. मग पुढचं वाक्यही तिनेच सांगितलं, त्याच्या पुढचंही. घरजवाई मासाही आत आला. बुटका पोचू दादाजींच्या पोटाला बांधला जाणार आहे. लोक हसून लोळतील. माझ्या राणीच्या पोटाशी, लोक हसून लोळतील.

१० डिसेंबर

लिहायला बसले. काही लिहिलं नाही. प्रत्येक वाक्य आधी तिच्या तोंडी कसं येईल ते ऐकू येतं.

१८ डिसेंबर

आज जे वाटलं ते लिहू की नको, असं झालंय.

खोकल्याचं औषध आणायला दवाखान्यात गेले होते. आत लालसूची बायको सुकरी बाकावर पडली होती. पहिलं मूल घरीच अडलं आणि गेलं, म्हणून ती या वेळी फार भ्यायलेली. टोल्यावरच्या बाया दवाखान्यात येत नाहीत, सुईला भितात. हिला रंभाने कसं आणलं, ते पडद्याबाहेर उभी राहून ऐकलं.

“दुखनं लाटेसारखं येते, सुकरी. समुद्राची लाट. येते, चढते, अन् जाते. थांबून कोनतीच राहत नाई. तू लाटेशी भांडाचं नाई. श्वास धराचा, अन् तिले जाऊ द्याचं.”

“अन् लेकरू?”

“लेकरू खाली, पार तळाले. तिथी अंधारच अंधार. पन त्याच्या कपाळाले दिवा आहे. थे दिवा घेऊन वर येऊन राह्यलं, समजलं का? तुले फक्त वाट पाहाची आहे.”

सुकरी म्हणाली, “मी येईन. पन तुमी सांगत राहाल नं?”

“सांगत राहीन.”

मी औषध न घेताच परत आले. माझी राणी. मी दीड महिना रात्रंदिवस जिचा विचार केला ती माझी राणी हिने एका गरोदर बाईच्या पोटात नेऊन ठेवली, आणि तिथे ती माझ्या नाटकातल्यापेक्षा जास्त शोभली. याला मत्सर म्हणतात. दुसरा शब्द शोधत होते, सापडला नाही. मला मूल नाही, आणि जिच्या हातांत गावभरची मुलं येणार तिला माझा मासाही हवा.

पण तिने समुद्र पाहिलाय. तिथेच माझं बोलणं खुंटतं.

२४ डिसेंबर

चांद्याचे मोठे डॉक्टर दौऱ्यावर आले, रात्री आमच्याकडे जेवले. दवाखान्याचा विषय निघाला. रंभाचं फार कौतुक केलं, अशा हाताची नर्स जिल्ह्यात नाही म्हणाले. हे म्हणाले, “मुंबईला शिकली ना ती?”

“छे, मुंबई कुठली? नागपूरला, माझ्याच हाताखाली. बिचारीने नागपूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. गाडीत बसायला घाबरायची.”

मी भात वाढत होते. डॉक्टरांना एक वाढी जास्तच वाढली.

खरं ते लिहून ठेवते. आनंद झाला.

२६ डिसेंबर

झालं.

तालमीला बायाही जमल्या होत्या. मच्छरदाणी कशी हलवावी यावर रंभा सांगत होती, लाट आधी मागे जाते मग पुढे येते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “रंभा, तू समुद्र कोणत्या गावाला पाहिलास गं?”

ती माझ्याकडे बघत राहिली, पहिल्या दिवशी बघितलं होतं तशीच.

मी म्हटलं, “डॉक्टरसाहेब सांगत होते, तू नागपूरच्या पलीकडे गेलेलीच नाहीस.”

पोचू हसला आणि थांबला. रंभाने हातातली जाळी नीट घडी करून बाकावर ठेवली. “नाई गेली,” म्हणाली. “डॉक्टरसाहेब खरं सांगतेत.” आणि निघून गेली.

गुणाबाई गालावर हात ठेवून बसली होती. “आता मांयं. एवढी लबाडी?”

मी सगळ्यांना म्हटलं, चला, पुढचा प्रवेश. आवाज नेहमीसारखाच होता माझा. दादाजींना मात्र एक ओळही आठवेना.

२ जानेवारी १९५५

रंभा तालमीला येत नाही. मी संवाद पुन्हा माझ्या भाषेत केले. दादाजी निमूटपणे पाठ करतात, नानाजी पेटी वाजवतात आणि सगळे कसे सासरी आल्यासारखे वागतात.

गुणाबाईकडून कळलं की दवाखाना रिकामा आहे. “जिनं समुद्र नाई पायला अन् पायला म्हनते, थे सुईत काय भरत असन, कोन जाने?” असं विहिरीवर बोलतात म्हणे. रुखमाबाईने पोराला भूमकाकडे, टोल्यावरच्या मांत्रिकाकडे, नेलं. आणि सुकरी येणार नाही. लालसू सांगाडा दुरुस्त करायला आला होता, त्याला मी स्वतः विचारलं.

“नाई म्हनते, बाई. थे लाटंचं सांगनं खोटं, तर लाट जाते हे बी खोटं असन म्हनते.”

तो कंदिलाची तार आवळत होता. आवळता आवळता ती तुटली.

मी म्हटलं, “अरे, नर्सचं काम तिला येतं. डॉक्टर स्वतः म्हणाले.”

“तुमीच तं सांगतलं, खोटं बोलते म्हून.”

जेवताना ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मग म्हणाले, “तूही कुठे पाहिलायस?”

“मी पाहिला असं म्हटलं का कधी?”

“नाही म्हटलंस. पण लिहितेस तर पाहिल्यासारखंच. तुला कोणी विचारलं नाही, एवढंच.”

७ जानेवारी

दवाखान्यात गेले. रंभा रिकाम्या बाकावर बसून कापसाचे बोळे करत होती. मला पाहून उठली. मी काय बोलणार ते घरून ठरवून गेले होते. तोंडातून भलतंच निघालं.

“पाहिला नव्हतास तर मग इतकं खरं कसं सांगायचीस?”

“खरं वाटे का तुमाले?” तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

“हो. म्हणूनच तर...”

ती पुन्हा खाली बसली आणि बोळे करू लागली. “पोंभुर्ण्याले फारेस्टच्या कोठीमागं एक मोहाचं झाड होतं, बाई. आमी पोरी पायटी फुलं वेचाले जाओ. तिथी एक नवी बाई येऊन बसे. हिरव्या पातळाची. टोपली भरली तरी आमी घरी नाई जाओ. मह्या मायनं मारलं बी मले, त्याच्यापायी. थे बाई सांगे, एक पोरगी होती, तिच्या बापाचं शेत होतं, बापानं सांगतलं, समुद्र म्हनजे असंच पान्याचं शेत. पोरगी म्हने, मंग त्याचा बांध कुठी आहे? अन् निंगाली.”

मी बाकावर बसले.

“लाट आधी मागं जाते अन् मंग पुढं येते, हे बी तुमीच सांगतलं होतं,” ती म्हणाली. “मले वाटलं, तुमी वळखसान. दारात उभी रायली होती मी तवा. तुमी चहा देल्ला.”

“सांगायचं नाहीस का?”

“लाज वाटली. तुमाले कितीक पोरं भेटले असन.” मग पुढचा बोळा वळत, “मी खोटं बोलाले नाई गेली होती. पोरगा रडे, तवा सांगतलं. बायानं विचारलं, पायला का, तं हो म्हटलं. मले पायल्यासारखाच वाटते तो.”

बाहेर कोणाच्या तरी बैलांच्या घंटा वाजत गेल्या. पटासाठी बैल यायला लागलेत.

मी उठले तेव्हा तिने विचारलं, “बाई, मंग तिले बांध भेटला का? तुमची बदली झाली, अन् गोष्ट अर्धीच रायली.”

मी म्हटलं, “आठवत नाही.”

खरंच आठवत नाही. वाटभर आठवत आले. दोन महिने मी जिच्यावर जळत होते ती हिरव्या पातळातली एक बाई निघाली, आणि तिचीसुद्धा मला ओळख पटली नव्हती. एवढं कळूनही मन पूर्ण हलकं झालं नाही. माझ्या वाक्यांना सतरा वर्षं तिने सांभाळलं आणि माझ्यापेक्षा चांगलं वाढवलं. त्याचंही वाईट वाटतं. मी अशीच आहे, काय करू.

८ जानेवारी

नानाजींना सांगून संवाद पुन्हा रंभाचे केले. दादाजींनी टोपी उडवली. पण रंभा आली नाही, आणि सुकरीही नाही. नुसतं ‘रंभा चांगली आहे’ म्हणून भागणार नाही. गुणाबाईला म्हणून पाहिलं. ती म्हणाली, “तुमचं मन मोठं, बाई,” आणि आपल्या तापलेल्या पोराला घेऊन भूमकाकडेच गेली.

१६ जानेवारी

काल नाटक झालं.

पडदा उघडण्याआधी इथे नाटककाराला मंचावर बोलावून नारळ देतात. बाईमाणसाने वर जायचं नसतं म्हणून ह्यांनी घ्यायचा, असं ठरलं होतं. मी बायांच्या बाजूला बांबूच्या तट्ट्यावर बसले होते. माझ्यापुढे सुकरी होती, पोट सांभाळत. लालसूचा कंदील बघायला आली होती. रंभा सगळ्यांच्या मागे, चिंचेला टेकून एकटी. तिच्याभोवती मोकळी जागा होती.

नानाजी म्हणाले, “नाटकाच्या लेखिका, आपल्या रेंजरसाहेबाच्या बाई...” आणि हे उठले. मीही उठले. कशी उठले माहीत नाही. बाया पाय आखडून वाट देत होत्या. गुणाबाई म्हणाली, “बाई, तिकडं नाई, तिकडं नाई.” मी बांबूच्या शिडीने वर चढले. गॅसबत्त्यांच्या उजेडात खाली कोणीच दिसत नव्हतं, नुसता अंधार आणि त्यात डोळे.

मी म्हटलं, “माझं नाव वेणू वैरागडे. मी आणि रंभा, आम्ही दोघींनी मिळून हे लिहिलं आहे.”

कोणीतरी खोकलं.

“मी तालमीत तिला खोटं ठरवलं. डॉक्टरसाहेबांना माहीत नव्हतं आणि मी विसरले होते. रंभाने समुद्र पाहिला आहे. मला माहीत आहे, कारण मी तिच्यासोबत होते. ती सात वर्षांची होती. आम्ही दोघींनी एकदमच पाहिला. ती सांगते तसाच आहे तो. पाण्याने भरलेलं शेत, आणि त्याला बांध नाही. लाट येते, चढते आणि जाते. थांबून कोणतीच राहत नाही.”

रेंजरच्या बायकोवर लोक विश्वास ठेवतात. मी आयुष्यात इतकं मोठं खोटं बोलले नव्हते, आणि बोलताना मला ते खोटं वाटलं नाही.

मग नाटक. दादाजी मिशांसकट आले, कपाळावर कंदील, आणि म्हणाले, “एवढं पानी, अन् सोबतीले कोनी नाई.” पोचू पोटाला लटकून आला तेव्हा लोक इतके हसले की पुढची दोन वाक्यं वाहून गेली. शेवटी दिवा पाहून तळाशी आलेल्या एका मुलीला राणी म्हणते, “दात पायलेस? आता पळ.” मुलगी म्हणते, “दिवा तुहाच आहे नं? मंग दात बी तुहेच रायतीन. मी काऊन पळू?” हे वाक्य रंभाने आयत्या वेळी पडद्यामागे जाऊन सांगितलं होतं. मला ठाऊकच नव्हतं. ऐकून मी पदर तोंडाला लावला.

घरी येताना ह्यांनी विचारलं, “कुठे पाहिलात म्हणे दोघींनी समुद्र?”

“पोंभुर्ण्याला. कोठीमागच्या मोहाखाली.”

हे नारळ दोन्ही हातांत धरून चालत होते. घराजवळ आल्यावर म्हणाले, “मी आपला तुझा घरजवाई,” आणि एकटेच हसले.

१८ जानेवारी

सकाळी लालसू धावत आला. सुकरी दवाखान्यात आहे, आणि नर्सबाई तुम्हाला बोलावतात.

दवाखान्याच्या आतल्या खोलीत भर दिवसाही अंधार. रंभाने माझ्या हातात कंदील दिला. “इथी धरा. हलवू नका.” सुकरीने माझं मनगट पकडलं, त्यावर आता निळे वळ आहेत. लाट आली की ती डोळे फिरवायची.

“सांगा नं,” ती रंभाला म्हणाली. “तुमी सांगत राहीन म्हटलं होतं.”

रंभाचे हात गुंतलेले होते. घामाने थबथबलेली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “बाई, आज तुमी सांगा.”

मी सांगितलं. एक मुलगी होती. बापाचं धानाचं शेत होतं. मुलगी निघाली, नदीकाठाने, मार्कंड्याचं देऊळ मागे टाकून, पुढे पुढे. कुठून आलं कोण जाणे, पण सगळं येत गेलं. लाट आली की सुकरी ओरडायची आणि मी थांबायचे, लाट गेली की ती म्हणायची, “मंग?” मुलगी पाण्यात उतरली. तळाशी गेली. तिथे दिवा दिसला. दिव्याजवळ जाऊन तिने विचारलं, समुद्राचा बांध कुठे आहे? आणि राणीने तोंड उघडलं...

तेवढ्यात मूल आलं. मुलगी. थोडा वेळ गप्प, आणि मग रडली.

सगळ्या बाया दाराशी गोळा झाल्या. “नर्सबाईनं सोडवली, नर्सबाईनं सोडवली,” असं चाललं होतं. लालसू रंभाच्या पायांशी वाकला. कंदील धरलेल्या बाईकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मला वाईट वाटलं. थोडंच. पण वाटलं.

मला आशा होती की नावात कुठेतरी समुद्र येईल. पण मंगळवारी झाली म्हणून मंगली ठेवलं. टोल्यावर तशीच रीत आहे.

रंभा हात धुता धुता म्हणाली, “आजबी अर्धीच रायली, बाई.”

“मला पुढचं येत नाही गं.”

“मले येते का पाहू?” ती म्हणाली. “नाईतर दोघी मिळून पाहू.”

मला तो जुना मत्सर लगेच टोचला : हिला माझ्याआधी सापडलं तर? मी कंदील खाली ठेवला, पण विझवला नाही. घरी येऊन ट्रंकेतून ते पुस्तक काढलं, जुन्या पातळात गुंडाळलं आणि गुणाबाईच्या हाती दवाखान्यात पाठवून दिलं.